बोटाचा कप

दगडूभाई मुलाणी तुमच्या घरी आला, की आधी चहात बोट घालतो. स्वतःच्या नाही, तुमच्या. उजव्या हाताचं पहिलं बोट, पेरापर्यंत. मग आढ्याकडं बघतो, ओठातल्या ओठात काहीतरी मोजतो अन् निकाल देतो. निकाल तीनच. "अजून काकवी हाय." नाहीतर "गूळ झाला." नाहीतर "करपला, उतरवा."

नवीन माणूस भडकतो. भडकणारच. पण आमच्या राहू गावात त्याच्यावर कुणी भडकत नाही, कारण दगडूभाई गुळव्या. आमच्याकडं ऊस फार, त्यामुळं गुऱ्हाळंही फार. रस मोठ्या काहिलीत उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं जळतात, अन् रसाचा गूळ नेमका कधी झाला ते एकच माणूस सांगतो, तो गुळव्या. लवकर उतरवलं तर पातळ काकवीच राहते, ढेप बसत नाही. उशीर झाला तर करपतो. गुळव्या काय करतो, बादलीतल्या गार पाण्यात हात बुडवतो अन् तोच ओला हात उकळत्या पाकात घालतो. पाक बोटावर घेतो, परत पाण्यात, अन् गोळी वळते का बघतो. तुम्ही-आम्ही केलं तर दवाखाना. दगडूभाईनं जन्मभर हेच केलं. त्यामुळं जगात त्याला तीनच गोष्टी दिसतात. काही काकवी असतं, काही गूळ असतं, काही करपलेलं.

एकदा सरपंच शाळेच्या स्टेजवर बोलत होता. बोलत होता, बोलत होता, पोरं पेंगली. मागनं दगडूभाई ओरडला, "आरं करपलं, उतरवा खाली!" माणसं इतकी हसली की सरपंच खरंच उतरला.

माझ्या पोराची, संतोषची सोयरीक ठरत होती तेव्हाची गोष्ट. बैठक बसलेली, व्याही फेटा बांधून आलेला. दगडूभाईनं त्याच्या कपात बोट घातलं.

व्याही म्हणाला, "अवो, हा कप माझाय."

"म्हणून तर बघितला," दगडूभाई म्हणाला. "माझ्या कपाचं मला म्हाईत हाय."

वर असंही म्हणाला, की पोरगा अजून काकवी हाय, पर पोरगी गूळ हाय, जमतंय. व्याह्याला राग आला, पण पोरीला गूळ म्हटल्यावर बोलणार काय? लग्न झालं. दगडूभाईचं खरं निघालं. पोरगा अजून काकवीच आहे.

माझी बायको हौसा. तिनं ह्या बोटावर तोडगा काढला होता. दगडूभाई आला की त्याच्यापुढं दोन कप ठेवायची, एक बोटाचा अन् एक तोंडाचा. बोटाचा कप ठरलेला, निळ्या फुलांचा, कान तुटलेला. त्यात ती चहा आधीच ओतून ठेवायची. दगडूभाई बोट घालायचा, आढ्याकडं बघायचा, "गूळ झाला, वहिनी," म्हणायचा, मग तोंडाचा कप प्यायचा. असं दोन-तीन वर्षं रोज चाललं.

मला त्या बोटाच्या कपाचा राग यायचा. त्यातनं वाफ निघताना मी कधी बघितली नाही. मी म्हणायचो, "अगं, तपासायचाच हाय तर गरम तरी ठेव. गार चहात त्यो काय बघणार?"

ती म्हणायची, "तुम्ही तुमचा प्या."

एवढंच. हौसा सगळं सांगणाऱ्यातली नव्हती, अन् मी विचारणाऱ्यातला नव्हतो. आमचं असंच चाललं, अन् चांगलं चाललं.

भाद्रपदात ती गेली.

ते लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय पुढचं कळणार नाही. हौसाचे पाय बारा महिने गार असायचे. उन्हाळ्यातसुद्धा. झोपताना ती ते माझ्या पोटऱ्यांवर ठेवायची अन् मी दर वेळी शिवी द्यायचो. त्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा तिचे पाय माझ्या पोटरीला लागलेलेच होते. गार. पण ते तर रोजचंच. मी म्हणालो, झोपू दे. म्हशीची धार काढली. आत येऊन चहा मागितला. दोनदा मागितला.

दगडूभाईचं घर भिंतीला भिंत लागून. माझी हाक ऐकून तोच पहिला आला. तिच्या कपाळावर पंजा ठेवला. माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "ऊब हाय, सोपाना. घाबरू नकू. गाडी बोलव."

त्या शब्दावर मी केडगावच्या दवाखान्यापर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तिच्याशी बोलत होतो. आलंच म्हणालो, पूल आला, आता रेल्वेचं फाटक आलं. डॉक्टरनं बघितलं अन् म्हणाला, आबा, ह्या पहाटेच गेल्यात.

दगडूभाईला मी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण पोटात ठेवलं. जन्मभर काहिलीचा ताव ओळखणारा माणूस, अन् त्याला जिवंत अन् मेलेलं कळू नये? मला अर्धा तास आशेला लावलं त्यानं. तो रोज यायचा, मी चहा करायचो, तो बोट घालायचा, मी तोंडाकडं बघायचो नाही. दोन कप बिप मी ठेवत नव्हतो. एकच कप, चुलीवरनं उतरवला की त्याच्यापुढं. घाल बोट. तो घालायचा, अन् काढायचाच नाही लवकर. मी म्हणायचो, कातडं राहिलंय कुठं त्याला, खूर झालाय खूर. एकदा बोटाला चिंधी होती. काय झालं म्हटलं तर म्हणाला, "काटा लागला बाभळीचा." बरं, म्हणालो.

मग थंडी आली. आमच्याकडची थंडी पाण्याची थंडी आहे. उसाला पाणी सोडलेलं असतं, सगळीकडं ओल, अन् पहाटे ती ओल घरात येऊन बसते. आधी कधी एवढी जाणवली नाही. आता अंथरूण असं गार लागायचं, की पाठ टेकवायची भीती वाटायची. मी शेगडीत निखारे घालून खाटेजवळ ठेवायला लागलो. एका पहाटे गादीचा कोपरा जळला. जास्त नाही, वीतभर. पण नेमका त्या दिवशी संतोष रांजणगावहून आला. तिथं कंपनीत आहे, दोन खोल्यांत चौघं राहतात.

त्यानं कोपरा बघितला अन् बसला डोक्याला हात लावून. "आबा, जळून मेला असता."

"मेलो न्हाई."

"संक्रांतीपातूर काय ती सोय करा. न्हायतर घराला कुलूप लावतो आन् तुम्हाला घिऊन जातो."

"आन् म्हैस?"

"म्हैस इकू."

"मग मला बी इक," मी म्हणालो. "ह्या घरातनं ती गेली, मी बी हितनंच जाणार. तुझ्या त्या जिन्यानं मला खाली आणायला चार माणसं लागतील."

तो रडवेला झाला. वाईट नाही पोरगं. शेवटी म्हणाला, मग इलेक्ट्रिक ब्लँकेट घ्या, शेगडी बंद. मोबाईलवर मागवतो, परवा दारात येईल. संक्रांतीला येऊन बघीन. गरम झोपत असाल तर राहा. नाहीतर चला.

मागच्या हिवाळ्यात हेच ब्लँकेट हौसानं संतोषच्या मोबाईलवर बघितलं होतं. म्हणाली होती, अहो, एक आणायचं का, माझे पाय लई गार पडत्यात. मी म्हणालो होतो, "आपल्या म्हशीला हाय का ब्लँकेट? मग तुला कशाला?" ती हसली होती. मी पण हसलो होतो. आता ते बोलणं मला परत गिळायला मिळालं असतं, तर काट्यासकट गिळलं असतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडनं आवाज आला. "मोबाईलवर? आरं संतोष, मोबाईलातल्या वस्तूला हात कसा लावणार तू?"

दगडूभाई. अन् दोन मिनिटांत दारात. "तापायची वस्तू घेताय आन् मला इचारत न्हाई? ह्या गावात ताव कुणाला कळतो?"

मला तो बरोबर नको होता. पण त्याला नको म्हणायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

आधी केडगाव. दुकानात टीव्हीची रांग लावलेली, सगळ्यांवर एकच बाई बातम्या सांगत होती. दुकानदारानं ब्लँकेट काढलं, वायर लावली. दगडूभाई म्हणाला, "तांब्याभर पाणी आणा."

दुकानदाराला वाटलं, म्हातारं तहानलंय. त्यानं चांगलं जारचं गार पाणी आणून दिलं. दगडूभाईनं त्यात मनगटापर्यंत हात घातला, काहिलीवर झटकतात तसा झटकला, अन् ब्लँकेटकडं नेला. थेंब उडाले ते नेमके बटणाच्या बोर्डात. चट् असा आवाज झाला अन् दुकान गप्प. सगळ्या बायका एकदम गेल्या.

"मामा, काय केलंत हे!"

"पाण्याबिगर ताव कसा कळल?" दगडूभाई म्हणाला. तो खरंच चकित झाला होता. "तुम्ही ग्राहकाला पाणी ठेवत न्हाई?"

दुकानदारानं आम्हाला हाताला धरून बाहेर काढलं. रागानं नाही. काळजीनं.

दौंडला दुकानात एक मुलगी होती, हुशार, बोलायला गोड. तिनं आधी पाण्याची बाटली आत ठेवली, का कोण जाणे. म्हणाली, "आबा, हे पांघरायचं नसतं. चादरीखाली अंथरायचं."

मला ते पटेना. ब्लँकेट अन् खाली? पण दगडूभाईचे डोळे चमकले. "बरुबर हाय पोरी! चुलवाण काहिलीच्या खालीच असतं. वर कोण जाळ लावतंय?" मग माझ्याकडं वळला. "सोपाना, तू काहील. आधी तू लाव हात."

हे एक नवीनच होतं त्याचं, दोन-तीन वर्षांतलं. आधी कुणाला तरी हात लावायला सांगायचा, अन् आपण त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत बसायचा. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशचे गडी आले तेव्हापासनं. मालकानं त्याला काढलं नव्हतं, हाच म्हणाला होता, आता त्यांना करू द्या, माझं झालं. मला वाटलं, साहेबगिरी चढली. आता दुसऱ्याला कामाला लावतो.

मी हात लावला. त्यानं माझं तोंड बघितलं अन् म्हणाला, "काकवी."

दुसरं काढलं. मी हात लावला, मागं घेतला. "करपल हे," तो म्हणाला.

तिसऱ्याला मी मुद्दाम तोंड दगडासारखं ठेवलं. दगडूभाईनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "उठ. एसटी चुकल."

संक्रांतीला चार दिवस राहिले तेव्हा आम्ही शिरूरला गेलो. न्हावऱ्याहून एसटी, खिडक्या बंद होईनात, दोघं नाकापर्यंत मफलर गुंडाळून. तिथला दुकानदार म्हातारा होता, घाई न करणारा. एक ब्लँकेट चांगलं तापलं. मी हात लावला अन् काढावासा वाटला नाही. तसाच ठेवला. हातातनं वर काहीतरी येत होतं, अन् मी डोळे मिटले.

"गूळ झाला," दगडूभाई म्हणाला. हळू आवाजात म्हणाला.

दुकानदारानं वही उघडली. "सिंगल देऊ का डबल?"

साधा प्रश्न होता. किती माणसं झोपतात, एवढंच तर विचारत होता. सिंगल म्हणायला तोंड उघडलं.

"डबल द्या," दगडूभाई म्हणाला.

"एकटा माणूस हाय मी," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो. माणसं बघायला लागली.

"एकटा हायस, पर झोपतोस कुठं? कडंला. खाटंच्या मधी झोपलायस का कवा? उजव्या कडंला भिताडाला चिकटून पडतोस, मला काय दिसत न्हाई? हात तिकडं गेला तर गार लागंल." मग दुकानदाराला म्हणाला, "दोन बटनं असल्यालं द्या. दोन्हीकडं."

दुकानदारानं माझ्याकडं विचारायला बघितलंच नाही. बांधून दिलं.

राहूला पोचलो तेव्हा दिवस मावळायला अजून अवकाश होता. दाराशी ऊन होतं, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी घरघर करत होती. मी गादीवर ब्लँकेट अंथरलं, वर हौसाची चादर, दोन्ही बटणं लावली. लाल बारके दिवे लागले. म्हैस ओरडली म्हणून मी बाहेर गेलो, शेण भरलं, आलो. दगडूभाई खाटेजवळ उभाच होता.

"सोपाना, आधी तू लाव."

"हात शेणाचे हायती. तूच बघ की. दोन तालुके फिरवलंस मला, आता लाव हात."

तो जरा थांबला. मग चादरीखाली पंजा घातला. मी दारातच उभा होतो. पाठीमागं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. मग कळलं. गिरणी बंद पडली होती. मी बटणांकडं बघितलं. लाल दिवे नव्हते. मी गोठ्यात असतानाच कधीतरी वीज गेली होती.

दगडूभाईचं बटणांकडं लक्ष नव्हतं. तो माझ्या तोंडाकडं बघत होता. काय दिसलं असेल त्याला? मी त्या चादरीकडं बघत होतो. ती हौसानं धुऊन घडी घातलेली शेवटची चादर.

"गूळ झाला," तो म्हणाला. "ब्येस ऊब हाय, सोपाना. निवांत झोप."

मी हात धुतले, आत आलो, त्याच्या पंजाशेजारी माझा हात घातला. चादर दगडासारखी गार होती. त्याचा पंजा त्याहून गार. त्याची बोटं मी पहिल्यांदा नीट बघितली. टोकं पांढरी, गुळगुळीत, अन् पहिल्या बोटावर फोड. मोठा, पाण्यानं भरलेला. चहाचा. माझ्या चहाचा.

बाभळ त्याच्या दारात नाही, माझ्याही नाही. ताव त्या बोटांना कळतच नव्हता.

मी तसाच उभा राहिलो अन् डोळ्यांपुढं एक-एक करून सगळं आलं. उत्तर प्रदेशच्या गड्यांना करू द्या म्हणणारा दगडूभाई. आधी तू लाव म्हणणारा. निळ्या फुलांचा कप, वाफ नसलेला. तुम्ही तुमचा प्या. अन् ती सकाळ. हौसाच्या कपाळावर पंजा ठेवून त्यानं कपाळाकडं बघितलंच नव्हतं. माझ्याकडं बघितलं होतं. माझ्या तोंडावर जे लिहिलेलं होतं, तेच त्यानं वाचून दाखवलं होतं.

"काय रं?" तो म्हणाला. "न्हाई झाला?"

"झाला," मी म्हणालो. "गूळ झाला."

गिरणी परत सुरू झाली. त्यानं हात काढून घेतला अन् चप्पल शोधत घरी गेला. त्याची बायको चार वर्षं झाली लेकीकडं, बारामतीला, नातवंडं सांभाळते. ईदला येते. त्याच्या हातांकडं बघायला घरात कुणी नाही.

सकाळी मी फळीवरचे डबे सरकवून मागनं तो निळा कप काढला. भाद्रपदापासनं धूळ खात होता. धुतला. चहा केला, त्या कपात आधी ओतला, खिडकीत ठेवला अन् म्हशीला वैरण टाकायला गेलो. येईपर्यंत त्यावर साय धरली होती.

दगडूभाई आला. खाली बसता बसता त्याला दोन कप दिसले. तो अर्धा वाकलेला तसाच राहिला. मग बसला. फोडावर बांधलेली चिंधी वर सरकवली, बोट निळ्या कपात घातलं. ह्या वेळी आढ्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मी तोंड सरळ ठेवलं.

"गूळ झाला," तो म्हणाला. मग निळ्या कपाकडं बघत, "वहिनी बोलली व्हय तुला?"

"न्हाई. ती कुणालाच बोलली न्हाई."

त्यानं मान हलवली. बोट कपातच होतं. "सोपाना, त्या दिशी सकाळी वहिनीच्या कपाळाला म्या..."

"चहा पी," मी म्हणालो. "तोंडाचा गार व्हतोय."